पाचवी सवाष्ण

मावळात उभं आयुष्य काढूनही मी भाज्याची लेणी पाहिलेली नाहीत. कुणी विचारलं तर गुडघ्यांचं नाव पुढे करते. तेव्हा मात्र माझे गुडघे ठणठणीत होते. लेण्यांच्या पायथ्याच्या गावापर्यंत मी गेलेही होते, आणि तिथूनच परत आले.

तेव्हा मी तळेगावला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. शाळेत आम्हां तिघींचं मेतकूट जमलं होतं. मुलींसमोर एकमेकींना अदबीनं 'बाई' म्हणायचं आणि फाटकाबाहेर पडलं की अगं-तुगं. नावं मी इथे घालत नाही. आम्ही एकमेकींना विषयावरूनच चिडवायचो, तेच पुरे आहे. मी गणितवाली. दुसरी ड्रॉइंगवाली, आमच्यात थोरली, नवरा-मुलं असलेली, मोठ्यानं हसणारी. तिसरी शिवणवाली.

शिवणवालीचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि पंधराव्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. सासरी तिनं सात-आठ महिने काढले असतील. मी तिला ओळखायला लागले तेव्हा ती अठ्ठावीसची होती, भावाकडे राहायची. केस ठेवले होते, एवढंच काय ते सुधारणेचं वारं त्या घरात शिरलं होतं. बाकी कपाळ मोकळं, हात मोकळे, राखाडी नाहीतर काळपट लुगडं, आणि सणासुदीला भावजयीच्या नजरेआड माजघरात बसणं. तिची तक्रार कधी ऐकली नाही. मला त्याचाच राग यायचा. मी तेव्हा भारी सुधारक होते. शकुन-अपशकुनावर मुलींना वर्गात झोडपून काढायची. माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे घरात कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. तोंड चालवायला मी मोकळी होते.

शनिवार-रविवार जोडून लोणावळ्याला जायचं आणि कार्ल्याची, भाज्याची लेणी बघून यायचं, हा बेत ड्रॉइंगवालीचा. तिचे एक मामा तुंगार्लीत मुंबईच्या कुणा शेटजींच्या बंगल्यावर देखरेखीला होते. शेटजी उन्हाळ्याखेरीज येत नसत. मामांनी किल्ली माळ्याकडे ठेवली होती. मार्गशीर्ष चालू होता, भातं कापून झाली होती, हवा कोरडी आणि गार. शनिवारची अर्धी शाळा सुटली आणि आम्ही दुपारची गाडी पकडली. शिवणवाली घरातून दोन दिवस बाहेर राहणार म्हणून ड्रॉइंगवालीनं स्वतः जाऊन तिच्या भावाची परवानगी आणली होती.

बायकांच्या डब्यात आम्ही तिघीच होतो. वडगाव मागे पडल्यावर ड्रॉइंगवालीनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, स्वतःचं पुसट झालेलं कुंकू ठीक केलं आणि करंडा बंद करायला लागली. मी म्हटलं, "तो इकडे दे." आणि शिवणवालीकडे वळून म्हटलं, "ये, पुढे सरक."

ती आधी हसली. मग मी खरंच बोट बुडवलेलं बघून मागे सरली. "वेड लागलंय का तुला?"

"इथे कोण ओळखतंय आपल्याला? दोन दिवस. उद्या परतताना पुसून टाक."

"आणि कुणी बघितलं म्हणजे?"

"कोण बघणार? खिडकीबाहेरची पाखरं?"

धोका तिला होता, आम्हांला नव्हता. कुणी तळेगावात जाऊन सांगितलं असतं तर भावाचं घर आणि शाळा, दोन्ही तिला एका दिवसात सुटलं असतं. ते मला कळत होतं, पण डब्यात बसून ते फार लांबचं वाटत होतं. मी तिला नेटानं धरलं आणि कुंकू लावलं. ड्रॉइंगवालीनं आपल्या वेणीतला गजरा अर्धा तोडून तिला माळला, हातातल्या दोन-दोन बांगड्या आणि पिशवीतली एक जादाची काळी पोत तिच्या अंगावर चढवली. शिवणवालीनं खिडकीच्या काचेत पाहिलं, आणि लोणावळा येईपर्यंत काचेवरून नजर काढली नाही. मला वाटलं, चिडली. स्टेशनावर उतरताना बघितलं तर ती पदर सावरत अशी चालली होती की हमालानं तिलाच आधी विचारलं, "बाई, सामान घेऊ?" आजवर आमच्यात सामानाचं तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत फिरून आलो. बंगल्याच्या चुलीवर पिठलं-भात केला. तिनं तोंड धुतलं तेव्हा कुंकू गेलं. मी मनात म्हटलं, झाली हौस. पण सकाळी मी अंथरुणातून पाहिलं, ती खिडकीपाशी उभी राहून हातातल्या आरशात बघत कुंकू लावत होती. स्वतःच्या हातानं, अगदी रेखून. मी डोळे मिटून घेतले. माझ्या त्या दिवसाच्या सगळ्या आनंदात तो आनंद सर्वांत मोठा होता, हे मी आजही कबूल करते.

सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरलो आणि आधी कार्ला केलं. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ. ड्रॉइंगवाली देवीची ओटी भरायला आत गेली. मी देव मानत नाही म्हणून बाहेर थांबले. शिवणवालीही थांबली.

"तू जा की," मी म्हटलं.

"नको. माणसांपुढे ठीक आहे. तिच्यापुढे नको." आणि ती देवळाकडे पाठ करून उभी राहिली.

मग लेण्यात गेलो. मी खांब मोजले, दोन्ही बाजूंचे सारखे भरतात का ते पाहिलं. ड्रॉइंगवालीनं वहीत हत्ती काढले. शिवणवाली मात्र दाराजवळच्या दगडी जोडप्यांसमोरून हलेना. त्या दगडी बाईच्या कमरेच्या कापडाला चूण कशी पडते, ओढणी कुठे खोचली की अशी पडेल, हे ती मला हातवारे करून सांगत होती. "हा कारागीर कापडाला हात लावलेला माणूस आहे," ती म्हणाली, "नुसता दगडाला नाही." शाळेत दिवसभरात तिचे दहा शब्द ऐकू यायचे. त्या सकाळी ती अखंड बोलत होती.

उतरून परत मळवली ओलांडून भाज्याला पोचेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं. गावात शिरल्यावर पहिल्याच मोठ्या घरापुढे पाणी मागितलं. अंगण सारवलेलं, दाराला आंब्याचं डहाळं. आत काहीतरी कार्य होतं. एक वयस्क बाई बाहेर आली. कपाळ मोकळं, अंगावर जुनं लुगडं.

"या बाई, बसा हितं सावलीला. कुटनं आला तुमी?"

आम्ही सांगितलं. तिनं तांब्या-भांडं आणलं, गूळ आणला. बोलता बोलता कळलं ते असं. तिच्या सुनेला सातवा लागला होता, पहिलटकरीण. आज ओटीभरण होतं. पाच सवाष्णी बोलवायच्या, पण बांधावरून भावकीशी बिनसलेलं. भावकीतल्या बायकांनी ऐन वेळी पाठ फिरवली. तिघीच आल्या होत्या. सून पाटावर बसून होती आणि उन्हं कलायच्या आत ओटी व्हायला हवी होती.

"मीच भरली असती," ती म्हणाली, "पर मला कसं चालंल? मी ही अशी. मी तर सकाळधरनं तिच्या म्होरंसुदिक गेले न्हाई." तिनं आमच्या तिघींच्या कपाळांकडे, गळ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "तुमी देवानं धाडल्यावानी आला बगा. ह्या कुवारीण दिसत्यात. पर तुमी दोघी ओटी भरा. म्हंजी पाच व्हत्याल."

ड्रॉइंगवाली पदर खोचत उठलीसुद्धा. हातपाय धुवायला रांजणाकडे गेली, तिनं मागे वळून पाहिलंच नाही. शिवणवालीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी करता येण्यासारख्या कितीतरी गोष्टी होत्या. हिला बरं वाटत नाही, असं मी म्हणू शकले असते. हिला आज शिवायचं नाही, हिची अडचण आहे, असं म्हटलं असतं तर कुठल्याही बाईनं दुसरा प्रश्न विचारला नसता. इतकं सोपं होतं. मला ते सुचलंही होतं. पण मला वाटलं, का म्हणून? तेरा वर्षं ही माजघरात बसली. आज कुणीतरी हिला मानानं आत बोलावतंय, आणि मीच तिला दाराशी अडवू? ओटीत तांदूळ कुणी घातले यानं पोटातल्या मुलाला काय फरक पडतो? मी तिच्या पाठीला हात लावून हळूच पुढे ढकललं. "जा," मी म्हटलं. "सगळं थोतांड आहे. जा."

ती गेली.

माजघरात हिरवं लुगडं नेसलेली, हिरव्या चुड्याची मुलगी पाटावर बसली होती, सतरा-अठरा वर्षांची, घामेजलेली आणि लाजलेली. गावातल्या तिघींनी ओटी भरली, मग ड्रॉइंगवालीनं. पाचवी शिवणवाली. तिनं हळद-कुंकू लावलं तेव्हा कुंकू मुलीच्या नाकावर सांडलं आणि दोघी एकदम हसल्या. मग तिनं खण, नारळ आणि तांदूळ ओंजळीनं त्या मुलीच्या पदरात घातले. म्हातारी ओसरीवरच्या खांबाआड उभी राहून हे सगळं लांबून बघत होती. माझ्या शेजारीच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसण्याचंही तिला भान नव्हतं.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. सुनेनं शिवणवालीचा पिच्छा धरला. बाळाची कुंची कशी बेततात, टोपड्याला मागे दोऱ्या किती लावायच्या. शिवणवालीनं राखेत बोटानं आकार काढून दाखवला आणि म्हणाली, "मीच शिवून आणते. बाळंत व्हायच्या आधी येते." या सगळ्यात दिवस कलला आणि लेणी राहिली ती राहिलीच. परतीच्या गाडीत तळेगावच्या आधी तिनं बांगड्या आणि पोत उतरवून परत दिली, रुमाल ओला करून कपाळ पुसलं. लाल डाग जाईपर्यंत घासलं. मला म्हणाली, "आपण वाईट नाही ना केलं?" मी गणितातलं उदाहरण सोडवून द्यावं तसं तिला समजावलं. ती मान हलवत राहिली.

पुढचे दोन महिने ती मधल्या सुट्टीत कुंची शिवायची. लाल कापड, पिवळा काठ, आत मऊ जुनं धोतर. एवढी बारीक टीप की मुली बघायला जमायच्या. कुणासाठी विचारलं की म्हणायची, "ओळखीत आहे एक."

शिमग्याच्या आसपासचा एक रविवार. शिवणवाली आणि मी तळेगावच्या बाजारात भाजी घेत होतो. मागून कुणीतरी हाक मारली. भाज्याची म्हातारी. लेक जवळच्या इंदुरी गावात दिली होती, तिच्याकडे निघाली होती. माणूस दोन-तीन महिन्यांत इतकं वाळू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. ती हसत पुढे आली आणि शिवणवालीच्या चार पावलांवर थबकली. तिची नजर शिवणवालीच्या कपाळावर गेली, मग हातांवर.

"अगं लेकी," ती म्हणाली, "कवा झालं?"

आम्हां दोघींनाही आधी कळलंच नाही. म्हातारीनं टोपली खाली ठेवली, शिवणवालीचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. भर बाजारात. त्या रडण्यातूनच तिनं सांगितलं. सून गेली होती. पंधरा दिवसांपूर्वी. मुलगा झाला, धड होता, पण वार पडली नाही. सुईणीनं होतं नव्हतं ते केलं. मळवलीला न्यायला गाडी जुंपेस्तोवर तिचं अंग गार पडलं. पोर शेळीच्या दुधावर होतं.

"आमच्या घरात आलीस नि आमची पिडा तुज्यावं आली," ती म्हणत होती. "मीच बोलावली तुला. रस्त्यानं चालल्याली परक्याची लेक. तुजं भरल्यालं कपाळ मी माज्या दारात नेलं. मला माफी कर, बाई."

आणि तिनं वाकून शिवणवालीच्या पायाला हात लावला.

शिवणवालीनं गप्प राहायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. म्हातारी रडून, डोळे पुसून इंदुरीच्या वाटेला लागली असती. तिच्या मनात दोन विधवांचं एक दुःख राहिलं असतं, आणि ते खोटं असलं तरी कुणाला डाचलं नसतं. मी शिवणवालीचा दंड धरला आणि दाबला. बोलू नकोस, असा. तिसऱ्यांदा मी तिच्या अंगाला हात लावला, आणि तिसऱ्यांदाही खोट्यासाठीच.

तिनं माझा हात काढला. म्हातारीला खांद्यांना धरून उठवलं. म्हणाली, "मावशी, मी तेव्हाही अशीच होते. तेरा वर्षं झाली. कुंकू आम्ही उगीच लावलं होतं."

म्हातारीला ते समजायला वेळ लागला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आरडाओरडा होईल, लोक जमतील, अशी माझी खात्री होती. तसं काही झालं नाही. ती अगदी हळू बोलली.

"मी तिची सासू व्हते. पोरीचं हिरवं लुगडं मी आनलं, पर नेसवलं न्हाई. त्या दिशी तिच्या तोंडाला हात लावावा असं लय वाटलं मला. न्हाई लावला. खांबाच्या मागं उबी ऱ्हायले." मग ती म्हणाली, "आन् तू भरलीस."

मी मध्ये पडले. वार अडकणं म्हणजे काय, रक्त कसं जातं, लोणावळ्याला डॉक्टर होता, वेळेवर नेलं असतं तर वाचली असती, याचा ओटीशी काही संबंध नाही, असं मी भराभर बोलत गेले. सगळं खरं होतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी एका बाईला तिची सून तिनं उशीर केल्यामुळे मेली असं सांगते आहे. म्हातारीनं टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि गेली. तिनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर मावळात ती लपून राहिली नसती. शिवणवालीची नोकरी आणि भावाचं घर त्या बाईच्या न बोलण्यावर टिकलं.

कुंची शिवून तयार होती. पोर जगलंय, मी नेऊन देते, असं मी म्हटलं. शिवणवाली म्हणाली, "माझ्या हातचं त्या घरात आता काही नको." मी वाद घातला, चिडले, तिला अडाणी म्हटलं. तुझ्यासारखी शिकवणारी बाई असं मानायला लागली तर मुलींनी काय करायचं, असंही म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं म्हणणं खरं असेल. पण ती मुलगी माझ्याकडे बघून हसली होती." ती कुंची पुढे कुठे गेली, मला माहीत नाही.

ड्रॉइंगवालीला सगळं कळलं तेव्हा ती दोन दिवस रडली. वर्षभरात तिच्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. शिवणवाली शाळेत येत राहिली, पण सहल म्हटलं की तिला काम निघायचं. वर्गात कुणा मुलीच्या बहिणीचं लग्न ठरलं, कुणाला भाऊ झाला, की ती पेढा हातात घेण्याऐवजी टेबलावर ठेवायला सांगायची. मला ते दिसायचं. मी तिला त्यावरून बोलायचे. सुधारक होते ना.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीचं ओटीभरण आलं. बहीण माहेरी आली होती, तळेगावलाच. आमंत्रणं मी लिहिली. शाळेतल्या सगळ्या बायकांची नावं एका कागदावर काढली आणि शिवणवालीच्या नावाशी थांबले. आईनं काही म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. बहीण बारीक अंगाची होती, तिचे पाय सुजले होते, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी स्वतःला सांगितलं, तिला बोलावलं तर तिलाच अवघडल्यासारखं होईल, जुनं सगळं वर येईल. हे कारण मी इतकं नीट बांधलं की माझा मलाच विश्वास बसला. नाव लिहिलं नाही.

बहीण पुढे सुखरूप बाळंत झाली. ओटीभरणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शिवणवाली मला शाळेच्या जिन्यात भेटली. कार्य कसं झालं, बहिणीची तब्येत कशी आहे, सगळं तिनं विचारलं. मी उत्तरं दिली. खरं म्हणजे मला तिथून निघायचं होतं. तिनं माझ्या हातातल्या वह्यांचा गठ्ठा सरळ करून दिला.

"मला बोलावलं नाहीस ते बरं केलंस," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच हायसं वाटलं होतं.